जहाज समुद्रात, बंदरं बंद. मग माणसांनी उतरायचं कुठं?

गेल्या महिन्यात गावाहून एका काकांचा फोन आला. आमची आष्टी म्हणजे परतूर तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. इकडे पाणी म्हणजे गोदावरी, दुधना आणि टँकर. समुद्र बघायचा तर एक अख्खा दिवस प्रवास. काकांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय आणि त्याला क्रूझवर काम मिळतंय.

"नऊ महिन्याचा करार हाय म्हणं," काका म्हणाले. "पगार चांगला हाय. पण तू पेपरात हाईस म्हणून इचारतो. मधीच एखादी साथ आली आन् जहाज अडकलं, तर पोरगं उतरंल कुठं?"

मी म्हटलं, "काका, उद्या सांगतो." खरं तर उत्तर मला लगेच देता येत नव्हतं. गेली काही वर्षं डिजिटल डेस्कवर क्रूझच्या बातम्या करतोय: नवं टर्मिनल, नवी पॅकेजेस, ईएमआयवर समुद्रसफर. पण काकांनी विचारलेला प्रश्न त्यातल्या एकाही बातमीत मी विचारला नव्हता.

प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा, तर क्रूझचं मार्केट आपल्याकडे जोरात वाढवलं जातंय. केंद्राने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत इंदिरा डॉकवरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्याच्या आदल्याच दिवशी, १९ सप्टेंबरला, जागतिक आरोग्य संघटनेच्या सुधारित आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांची अंमलबजावणी सुरू झाली. त्यात 'महामारी आणीबाणी' असा नवा, वरचा टप्पा आला आहे. पहिली बातमी आम्ही ब्रेकिंग म्हणून चालवली. दुसरी चालवलीच नाही.

२०२० मध्ये नेमकं काय झालं होतं?

डायमंड प्रिन्सेस हे नाव बहुतेकांना आठवत असेल. हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी १ फेब्रुवारी २०२० रोजी पॉझिटिव्ह निघाला आणि ३ तारखेला जहाज जपानच्या योकोहामाला थांबवलं गेलं. जहाजावर ३,७११ माणसं होती. त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. भारतीय होते १३८, आणि त्यातले फक्त ६ प्रवासी. बाकीचे १३२ कर्मचारी.

हा आकडा मी तेव्हाही वाचला होता. त्याचा अर्थ मात्र नंतर लक्षात आला. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना केबिनमध्ये बंद केलं, पण त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण कोण नेऊन देत होतं? तेच कर्मचारी. ते छोट्या खोल्यांत दोघं-तिघं राहत होते, एकाच मेसमध्ये जेवत होते. क्वारंटाईन प्रवाशांचं चाललं होतं आणि ते चालवणाऱ्यांना क्वारंटाईन नव्हतं.

वेस्टरडॅम या जहाजाची गोष्ट वेगळी. १ फेब्रुवारीला ते हाँगकाँगहून निघालं. फिलिपिन्स, तैवान, जपान, अमेरिकेचं गुआम आणि थायलंड अशा पाच ठिकाणी नकार मिळाला. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने सिहानुकव्हिलला जागा दिली. उतरलेल्या एका महिलेची चाचणी आधी पॉझिटिव्ह सांगितली गेली आणि जगभर गोंधळ उडाला. पुढच्या तपासण्यांत ती निगेटिव्ह निघाली. म्हणजे ज्या जहाजाला पाच दारं बंद झाली, त्यावर आजार नव्हताच.

झानडॅमवर मात्र तो होता. ७ मार्चला हे जहाज ब्युनोस आयर्सहून निघालं तेव्हा दक्षिण अमेरिकेतली बंदरं सुरू होती. सफर संपायची होती चिलीमध्ये, पण जहाज तिथं पोहोचेपर्यंत चिलीने बंदरं बंद केली. पनामाने कालव्यातून जायला आधी नाही म्हटलं, मग परवानगी दिली. २ एप्रिलला फ्लोरिडात उतरेपर्यंत जहाजावर चौघांचा मृत्यू झाला होता. फ्लोरिडातही आधी घ्यायचं की नाही यावर वाद झालाच.

या माणसांनी कुठलाही नियम मोडला नव्हता. निघताना व्हिसा होता, तिकीट होतं, बंदराची परवानगी होती. नियम बदलला तेव्हा ते पाण्यावर होते. विमानाचं तसं नसतं. ते काही तासांत कुठंतरी उतरतंच, कारण त्यातलं इंधन संपतं. जहाज आठवडे तरंगू शकतं, आणि म्हणूनच त्याला "पुढे बघा" म्हणणं प्रत्येक बंदराला सोपं जातं.

नियम काय सांगतो?

नियम आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचं २८ वं कलम म्हणतं की, सार्वजनिक आरोग्याचं कारण देऊन जहाजाला बंदरात येण्यापासून अडवू नये. त्या बंदरात सोयी नसतील तर सोय असलेल्या जवळच्या योग्य बंदराकडे जायला सांगता येतं. जादा निर्बंध घालायचे तर त्याला शास्त्रीय आधार लागतो. हे नियम २००७ पासून लागू आहेत आणि भारतही त्यात आहे.

पण मोडले तर शिक्षा काय? काहीच नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये प्रत्येक देशाने जवळचं योग्य बंदर म्हणजे शेजाऱ्याचं बंदर असा अर्थ लावला.

एक गंमत सांगतो. जुन्या काळी जहाजावरचा पिवळा झेंडा म्हणजे रोगराई, असा समज होता. आज पिवळ्या झेंड्याचा अर्थ उलटा आहे: 'माझं जहाज निरोगी आहे, आत येऊ द्या.' कप्तान आरोग्याचं घोषणापत्र भरतो, बंदराचा आरोग्य अधिकारी ते तपासतो आणि मगच माणसांना जमिनीवर पाय ठेवता येतो. साथ नसतानाही हे होतंच. प्रवाशाला ते दिसत नाही, इतकंच.

आपल्या किनाऱ्यावर काय घडलं?

आपण कंबोडियासारखे वागलो की चिलीसारखे? दोन्ही, आणि ते सुद्धा आपल्याच माणसांशी.

मार्च २०२० मध्ये परदेशी क्रूझना बंदी झाली, आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, लॉकडाऊन लागला. जहाजांवरच्या भारतीय कर्मचाऱ्यांना भारतीय बंदरात उतरायची सोय राहिली नाही. मरेला डिस्कव्हरी हे जहाज एप्रिलमध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळ थांबून होतं. त्यावर दीडशेच्या आसपास भारतीय होते, त्यात गोव्याचे बरेच. गोव्यातली कुटुंबं सरकारकडे खेटे घालत होती. शेवटी २१ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने खलाशांना उतरवण्याची आणि चढवण्याची कार्यपद्धती जाहीर केली आणि २३ एप्रिलला ही माणसं मुंबई बंदरात उतरली. चाचणी, क्वारंटाईन, मग घर.

मला यातली दोन दिवसांची गोष्ट महत्त्वाची वाटते. नियम निघाल्यावर उतरवायला दोन दिवस लागले. म्हणजे जागा होती, डॉक्टर होते, धक्का होता. कागद नव्हता. तोच कागद निघायला लॉकडाऊन लागल्यापासून जवळपास चार आठवडे गेले. त्याच एप्रिलच्या सुरुवातीला एमएससी मॅग्निफिका हे जगप्रदक्षिणेवर निघालेलं जहाज कोलंबोजवळून जात होतं, तेव्हा श्रीलंकेच्या नौदलाने त्यावरचा आपला एक कर्मचारी उतरवून घेतला होता. एकच माणूस, पण उतरवता येतं हे दिसलं.

मुंबईचीच म्हणावी अशी 'कर्णिका' क्रूझ आठवते? २०१९ मध्ये मोठ्या गाजावाजात आली होती. साथीत धंदा बसला, कर्मचारी मुंबईजवळ जहाजावरच अडकले, पगाराच्या तक्रारी झाल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०२० च्या अखेरीस ते जहाज अलंगला भंगारात गेलं.

जगभरात तेव्हा करार संपूनही सुमारे चार लाख खलाशी जहाजांवर अडकले होते, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सांगितलं. त्यात क्रूझवाले होते आणि मालवाहू जहाजांवरचेही. आपल्याकडे खतं, तेल, डाळी येत राहिल्या त्या त्यांच्यामुळेच.

आष्टीने काय केलं

इथं थोडं स्वतःचं सांगतो, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं.

मी मे २०२० मध्ये पुण्याहून गावी निघालो. मोबाईलवर ई-पास, खिशात डॉक्टरचा दाखला. निघालो तेव्हा नियम होता होम क्वारंटाईनचा. बीड जिल्ह्याच्या सीमेवर नाक्यावरच्या कर्मचाऱ्याने पास बघितला आणि म्हणाला, "आष्टी तर इकडंच हाय, तुम्ही पुढं कुठं चाललात?" बीड जिल्ह्यातही आष्टी आहे, तालुक्याचं गाव. त्याला जालन्याची आष्टी समजावण्यात अर्धा तास गेला. पुढच्या नाक्यावर दाखला जुना ठरला, कारण आता अमुक तासांच्या आतलाच चालणार होता. सकाळी तसं काही नव्हतं.

गावाच्या तोंडाशी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. महाराष्ट्रात त्या दिवसांत गावोगाव हेच होतं. पुण्या-मुंबईची गाडी दिसली की लोक बांधावरून ओरडायचे. मला ओळखणारी पोरंच काट्यांपलीकडे उभी होती. राग आला. खोटं कशाला सांगू?

पण त्यांनी परत जा म्हटलं नाही. "शाळेत राहायचं, चौदा दिवस," म्हणाले. घरी राहायचा नियम सकाळीच बदलला होता. शाळेत सतरंज्या होत्या, एक बल्ब होता, बाहेर पाण्याची टाकी होती. आई रोज भिंतीवरून भाकरी द्यायची. पाचव्या दिवशी मुंबईहून आलेलं एक कुटुंब शेजारच्या वर्गात आलं, त्यांच्यात दोन लहान लेकरं. आजूबाजूला ऑक्सिजनची सोय असलेला दवाखाना नव्हता, गावात म्हातारी माणसं होती. गाव घाबरलं होतं आणि त्याचं घाबरणं चुकीचं नव्हतं. तरी गावाने दार लावताना बाजूला एक खोली उघडी ठेवली.

२०२० मध्ये समुद्रावरच्या माणसांना नेमकी हीच खोली मिळाली नाही. इंजिनिअरिंगला आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती: यंत्र बिघडेल हे धरून चाला आणि बिघडल्यावर ते कुठल्या अवस्थेत थांबेल ते आधीच ठरवा. लिफ्टची वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो, खाली कोसळत नाही. सहा-सहा हजार माणसांची तरंगती शहरं बांधणाऱ्या धंद्याने आणि त्यांना बोलावणाऱ्या सरकारांनी हा एवढा विचार केलेला नव्हता. वीज गेली आणि ब्रेकच नव्हता.

आणि हे काही नवं ज्ञान नाही. व्हेनिसने १४२३ मध्ये शहराबाहेरच्या एका बेटावर साथीच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारलं. क्वारंटाईन हा शब्दच तिकडच्या 'चाळीस दिवस' या अर्थाच्या शब्दावरून आला. त्यांनीही बंदर बंद केलं, पण जहाजाला जागा दिली. आपल्या मुंबईने तर दुसरी बाजूही भोगली आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला तेव्हा मुंबईहून आलेलं जहाज म्हटलं की परदेशी बंदरं बिचकायची. १८९७ मध्ये मुंबईहून हज यात्रेची जहाजं सोडणंच थांबवावं लागलं. आपण कोविडमध्ये वापरलेला साथरोग कायदा त्याच वर्षीचा, आणि बंदरातली जहाजं तपासण्याचा अधिकार त्यात केंद्राला दिलेला आहे.

कॉर्डेलिया: मुंबई आणि गोवा यांच्यामध्ये

२०२० नवखं होतं, सगळेच चुकले, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण जानेवारी २०२२ चं काय? तोवर लस आली होती, चाचण्या होत्या, जवळपास दोन वर्षांचा अनुभव होता.

कॉर्डेलिया क्रूझ नववर्षाच्या सफरीवर मुंबईहून गोव्याला गेली. एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला म्हणून मुरगाव बंदरात सगळ्यांची तपासणी झाली. ३ जानेवारीला गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की, दोन हजारांपैकी ६६ जण पॉझिटिव्ह आहेत. लागण झालेल्यांनी गोव्यात दाखल व्हावं असा पर्याय होता. बहुतेकांनी नकार दिला आणि जहाज तसंच, बाधित आणि निरोगी सगळे एकत्र, मुंबईला परत आलं. ४ जानेवारीला ते पोहोचल्यावर महापालिकेने उरलेल्यांच्या चाचण्या केल्या. आणखी शंभराहून जास्त जण पॉझिटिव्ह निघाले.

हे दोन देश नव्हते. मुंबई आणि मुरगाव यांच्यामध्ये एका रात्रीचं अंतर आहे.

अडचण कुठं आहे ते राज्यघटनेत दिसतं. बंदरावरचं क्वारंटाईन आणि त्याला जोडलेली रुग्णालयं हा केंद्र सूचीतला विषय आहे, २८ वी नोंद. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्य सूचीतला, ६ वी नोंद. म्हणजे जहाज धक्क्याला लागेपर्यंत एकाचं आणि माणूस धक्क्यावरून ॲम्ब्युलन्समध्ये बसला की दुसऱ्याचं. या दोघांच्या मधल्या शिडीवर प्रवासी उभा असतो.

माझं मत असं आहे: नव्या टर्मिनलला दुकानं, चेक-इन काउंटर आणि पार्किंग जसं नकाशावर आहे, तसं साथीच्या वेळी दोन हजार माणसं कुठं ठेवायची हेही नकाशावर हवं. कोणतं हॉटेल, कोणतं रुग्णालय, खर्च कोणाचा, निर्णय कोणाचा आणि किती तासांत. मुंबईहून निघालेलं जहाज आणि भारतीय पासपोर्ट असलेला कर्मचारी, या दोघांना मुंबईने नाही म्हणायचंच नाही, हे आधी लिहून ठेवायला हवं. २१ एप्रिलचा कागद साथ येण्याआधी तयार पाहिजे. बंदरं निर्बंध घालणारच आणि घालायलाच हवेत. चाचण्या घ्या, चौदा दिवस ठेवा, पण खोली दाखवा.

तुम्ही जाणार असाल तर

लांबच्या क्रूझवर जाणाऱ्यांनी तिकिटाच्या मागचा बारीक मजकूर एकदा वाचावा. कप्तानाला बंदर वगळायचा किंवा बदलायचा अधिकार बहुतेक कंपन्यांच्या अटींत असतोच आणि त्याबद्दल पैसे परत मिळतील असं नाही. विमा घेताना साथीमुळे रद्द झालेली किंवा लांबलेली सफर त्यात धरली आहे का, हे लेखी विचारा. व्हिसा वाटेतल्या प्रत्येक देशाचा बघा. जहाज मागे वळलं तर त्याच देशात दुसऱ्यांदा शिरावं लागू शकतं.

बदलत्या नियमांचा फटका कसा असतो हे लशीवरून आठवेल. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. त्याआधी दोन्ही डोस घेतलेला माणूसही अनेक देशांच्या लेखी लस न घेतलेलाच होता.

आणि साथ नसतानाची एक अट, जी बरेच जण विसरतात: पीतज्वराच्या पट्ट्यातल्या आफ्रिकी किंवा दक्षिण अमेरिकी देशातून भारतात परतताना त्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, त्यामुळे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

नोकरीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे करार संपल्यावर घरी पोहोचवण्याचा खर्च जहाजमालकाचा असतो आणि सलग बारा महिने कुणाला जहाजावर ठेवता येत नाही. मालकाने हात वर केले तर चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि परतीचा खर्च भागेल, अशी आर्थिक हमी जहाजावर लावलेली असावी लागते. २०२० मध्ये हे सगळं कागदावर होतंच, तरी लोक अडकले. पण ज्यांच्याकडे कागद होता त्यांना भांडता आलं.

काकांना दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, "पाठवा, पण कराराचा फोटो आधी मला पाठवायला सांगा त्याला." मुलाने व्हॉट्सॲपवर सात पानं पाठवली. परतीचं कलम पाचव्या पानावर आहे. कंपनी त्याला 'सोयीच्या बंदरापर्यंत' पोहोचवेल, असं त्यात लिहिलंय. सोय कोणाची, ते लिहिलेलं नाही. त्याने एजन्सीला मेल करून तिथं 'मुंबई' लिहून मागितलंय. उत्तर अजून आलेलं नाही.